पोटातील सावली : मलावरोधाच्या कारणांचा शोध

पोटात वरचेवर दुखते, भूक लागत नाही, म्हणून मनुष्य डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर पोटाचे क्ष-किरणचित्र काढून आणावयास सांगतात, आणि चित्राबरोबर जो कागद हाती येतो त्यावर एक ओळ असते : मोठ्या आतड्यात मळाचा साठा प्रमाणापेक्षा अधिक दिसतो. घरातील मंडळी ती ओळ दोनदा वाचतात आणि दुखण्याचे मूळ सापडले असे समजून निश्चिंत होतात. कोणी एरंडेलाची बाटली शोधू लागतो, कोणी इसबगोल आणावयास निघतो. वस्तुतः त्या ओळीने मूळ सांगितलेलेच नसते. मळ कोठे आहे आणि पाहणाऱ्याच्या नजरेला तो किती वाटला, एवढेच तिने सांगितलेले असते. तो का साचला हा प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. किंबहुना तो खरोखर साचला आहे, की नित्याप्रमाणे आपल्या जागी आहे, याचाही निर्णय पुष्कळदा त्या चित्रावरून होत नाही. जे दिसते ते आणि जे कारण असते ते, या दोहोंमधील अंतर वैद्यकशास्त्राला फार महागात पडून कळले. त्या समजुतीची किंमत काही माणसांनी आपले आतडे देऊन आणि काहींनी प्राण देऊन चुकती केली आहे.

क्ष-किरण हाडात अडतात, मांसातून बरेचसे पार होतात आणि वायूतून विनासायास निघून जातात. त्यामुळे पोटाच्या साध्या चित्रात पाठीचा कणा आणि कटीची हाडे पांढरी उमटतात, वायू काळा उमटतो आणि बाकी सर्व अवयव करड्या छायेत एकमेकांत मिसळून जातात. मळही वास्तविक करडाच. परंतु त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात, म्हणून तो ठिपकेदार, भुसभुशीत असा दिसतो आणि ओळखू येतो. हे चित्र एका क्षणाचे असते. वाहत्या ओढ्याचे एकच छायाचित्र पाहून पाणी वेगाने चालले आहे की तुंबले आहे हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय मोठ्या आतड्याचे कामच मुळी अन्नाचा शेष भाग काही काळ जवळ ठेवून त्यातील पाणी शोषून घेण्याचे. निरोगी माणसातही तो दिवस-दीड दिवस, कधी त्याहून अधिक, तेथे राहतो. कोठारात धान्य दिसले म्हणून कोणी घाबरत नाही. तोच न्याय येथेही लावावयास हवा.

वुर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात या किरणांचा शोध लागला. त्यानंतर जेमतेम वर्षभरात, १८९६ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यालयात वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या तरुणाने ते किरण जिवंत प्राण्याच्या पोटाकडे वळविले. तोपर्यंत पोटाच्या आतील हालचाल पाहावयाची तर पोट फाडावे लागे, आणि फाडलेले पोट काही स्वस्थ पोटासारखे वागत नाही. कॅनन यांनी प्रथम कुत्र्याला एक गुंडी गिळावयास दिली. मग एका हंसिणीला खोक्यात बसवून, तिची लांब मान बाहेर काढून, घास खाली उतरताना पाहिला. पुढे अन्नात बिस्मथाचा क्षार मिसळून मांजरांना खाऊ घालण्याची युक्ती निघाली. बिस्मथ जड धातू असल्याने त्याची छाया गडद पडते, आणि त्या छायेच्या मागोमाग अन्नाचा सारा प्रवास डोळ्यांना दिसतो.

या मांजरांच्या प्रयोगात एक गोष्ट अकल्पितपणे निदर्शनास आली. मांजर शांत असले की जठराच्या लहरी संथपणे एकामागून एक चालत. ते चिडले, घाबरले, सुटण्याची धडपड करू लागले, की लहरी तत्क्षणी थांबत. आणि थोपटून शांत केले की पुन्हा सुरू होत. आतड्यांच्या बाबतीतही हेच आढळले. पोटाच्या संथ गतीचा मनाशी संबंध आहे ही गोष्ट घरोघरच्या आज्यांना ठाऊक होतीच, परंतु ती काचेच्या पडद्यावर चाललेली पाहावयास मिळाली ती या वेळी. कॅनन यांनी १९०२ साली आतड्यांच्या हालचालींवर जो निबंध लिहिला त्यात आणखी एक निरीक्षण आहे. मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागात लहरी उलट्या दिशेने, म्हणजे मागे, धावतात आणि आतील द्रव्य घुसळीत राहतात. अन्नशेष तेथे रेंगाळतो तो आतड्याच्या आळसामुळे नव्हे. ती त्याची स्वाभाविक रीत आहे. हा निबंध पुढील वीस वर्षांत शस्त्रवैद्यांनी नीट वाचला असता तर पुष्कळ अनर्थ टळला असता. कॅनन हे स्वतः मात्र या किरणांच्या माऱ्यातून सुटले नाहीत. उतारवयात त्यांना जो त्वचेचा चिवट रोग जडला त्याचे मूळ तारुण्यातील या प्रयोगांतच असल्याचे मानले जाते. १९४५ साली ते वारले.

माणसावर ही रीत बसविण्याचे श्रेय म्युनिकच्या हेरमान रीडर यांना दिले जाते. १९०४ साली त्यांनी बिस्मथ मिसळलेले जेवण देऊन संपूर्ण अन्नमार्गाची चित्रे घेतली. तो बिस्मथचा क्षार काही रोग्यांना विषारी ठरला, म्हणून १९१० च्या सुमारास त्याच्या जागी बेरियम आले, ते आजतागायत आहे. तेव्हा यंत्र तयार होते, द्रव्य तयार होते. परंतु त्या यंत्रातून पाहणाऱ्यांच्या मनात एक भीती आधीच घर करून बसली होती, आणि भीती मनात धरून पाहणाऱ्याला तीच दिसते.

ती भीती पॅरिसहून आलेली. शार्ल बूशार या फ्रेंच वैद्यांनी १८८७ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्याच्या आतड्यात कुजणाऱ्या द्रव्यांतून विषे निर्माण होतात, ती रक्तात शोषली जातात आणि शरीर आपले आपणच विषग्रस्त होते. याला त्यांनी स्वविषबाधा असे नाव दिले. पुढे पाश्चर संस्थेतील इल्या मेच्निकॉफ यांनी त्याला आपल्या नावाचे वजन दिले. ते काही सामान्य असामी नव्हते. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात या शोधाबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते मोठे आतडे हे मानवाला निसर्गाकडून मिळालेले एक निरुपयोगी, नव्हे घातक, दायाद्य होते. म्हातारपण लवकर येते ते तेथील सडण्यामुळे. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय मात्र निरुपद्रवी होता : दह्यातील जंतू आतड्यात रुजवावेत. ताकाशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही अशा कुटुंबात या उपदेशाचे नवल वाटण्याचे कारण नाही, परंतु पॅरिस आणि लंडनमध्ये त्या काळी आंबट दुधाची साथच पसरली. ते स्वतः नियमाने ते दूध घेत. १९१६ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

दह्यावर जे थांबले ते वाचले. लंडनच्या गाईज रुग्णालयातील सर आर्बथनॉट लेन मात्र थांबले नाहीत. लेन हे त्यांच्या काळातील पहिल्या प्रतीचे शस्त्रवैद्य होते. मोडलेली हाडे पट्टी व स्क्रू यांनी जोडण्याची कला त्यांनी नावारूपास आणली आणि शस्त्रक्रियेत हात न लावता केवळ हत्यारांनी काम करण्याची त्यांची स्वच्छता दंतकथेसारखी झाली होती. अशा कुशल हाताला एक चुकीचा सिद्धांत मिळाला. मनुष्य दोन पायांवर उभा राहू लागल्यामुळे आतडे खाली ओघळते, ते सावरण्यासाठी पोटात पट्टे तयार होतात, त्या पट्ट्यांनी आतड्याला ठिकठिकाणी बाक येतो, त्या बाकाशी मळ तुंबतो आणि त्या तुंबलेल्या मळातून सर्व शरीरात विष भिनते, असा तो सिद्धांत होता. डोकेदुखी, थकवा, अंगावरील काळसर झाक, सांधेदुखी, उदासी, सर्व काही त्यात बसे. आरंभी लेन यांनी मोठे आतडे वगळून लहान आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया केली; तेवढ्याने भागेना तेव्हा मोठे आतडेच समूळ काढून टाकण्यास सुरुवात केली. त्यांच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या मोठी होती. काहींना बरे वाटले, काही तशाच राहिल्या, आणि काही शस्त्रक्रियेनंतर दगावल्या. ते जंतुनाशक रसायनांचे युग होते खरे, परंतु पेनिसिलिनचे नव्हते.

आणि या सर्वाला पुरावा कोणता? पुष्कळसा क्ष-किरणांचा. आल्फ्रेड जॉर्डन हे क्ष-किरणतज्ज्ञ लेन यांच्या रुग्णांना बिस्मथ देऊन पडद्यावर पाहात आणि ओघळलेले आतडे, त्याचे बाक आणि तेथे थबकलेली सावली दाखवून देत. १९२३ साली त्यांनी या विषयावर चित्रांसह ग्रंथही प्रसिद्ध केला. चित्रे खोटी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आतडे खरोखरच ओघळलेले होते, बाक खरोखरच होते. फक्त तशीच चित्रे, शोध घेतला असता, खडखडीत प्रकृतीच्या माणसांतही मिळाली असती. उभ्या माणसाचे आतडे ओघळलेलेच असते. निरोगी माणूस क्ष-किरणांपुढे उभा राहावयास सहसा जात नाही, म्हणून निरोगी शरीरातील सावल्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ सालच्या ‘डॉक्टर्स डायलेमा’ या नाटकात कटलर वॉलपोल नावाचा एक शस्त्रवैद्य आहे; प्रत्येक रोगाचे मूळ रक्तातील विषात असून एक विशिष्ट पिशवी कापून टाकली की सर्व बरे होते, असा त्याचा हेका. ती पिशवी माणसाच्या शरीरात नाहीच, ती शॉ यांच्या कल्पनेतील. प्रेक्षक पोट धरून हसले. शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

विलक्षण योगायोग असा की, या प्रकरणाचा उतारा त्याच गाईज रुग्णालयात तयार होत होता. आर्थर हर्ट्झ हे तेथील तरुण वैद्य. (महायुद्धात जर्मन नावाचा जाच होऊ लागल्यावर १९१६ साली त्यांनी आडनाव बदलून हर्स्ट केले, पुढे सर आर्थर हर्स्ट म्हणूनच ते प्रसिद्ध झाले.) त्यांनी जी गोष्ट केली ती वरकरणी अगदी साधी : आजारी नसलेल्या माणसांना सकाळच्या न्याहारीबरोबर बिस्मथ देऊन त्याची सावली तासातासाने कोठे पोहोचते हे टिपून ठेवले. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी ती साधारण चार-साडेचार तासांनी येते. डाव्या बाजूच्या वळणापर्यंत जावयास नऊ तासांच्या आसपास लागतात. त्यापुढे वेग आणखी मंदावतो. जेवायला बसले की मोठे आतडे जागे होऊन पुढे सरकते, हेही दिसून आले. सकाळच्या न्याहारीनंतर शौचाची भावना का होते याचे उत्तर त्यात आहे. व्हिएन्नाच्या गिडो होल्त्सक्नेश्ट यांनी १९०९ साली एक दृश्य नोंदविले होते : कितीतरी वेळ निश्चल असलेले आतडे अकस्मात आखडते आणि काही क्षणांत सारा साठा एकदम पुढे ढकलला जातो. ते पाहण्याचा योग त्यांना शेकडो तपासण्यांत एखाद-दुसऱ्या वेळीच आला. याचा अर्थ असा की, ज्या क्षणी चित्र घ्यावे त्या क्षणी आतडे बहुधा स्वस्थच असणार.

१९०९ साली हर्ट्झ यांनी मलावरोधावर जो ग्रंथ लिहिला त्यात त्यांनी एकाच नावाखाली चालणाऱ्या दोन व्याधी वेगळ्या काढल्या. एका प्रकारात मळ मोठ्या आतड्यातून चालतच सावकाश असतो. दुसऱ्यात तो नेमक्या वेळी गुदाशयापर्यंत येऊन पोहोचतो, परंतु तेथून बाहेर पडत नाही. सगळा रस्ता मोकळा आणि दरवाजा तेवढा बंद, असा हा प्रकार. या दुसऱ्या प्रकाराचे मोठे कारण त्यांना आढळले ते म्हणजे वेगाची हाक येऊनही तिच्याकडे दुर्लक्ष करणे : शाळेची घाई, कामाची घाई, संकोच, थंड आणि घाणेरडे शौचकूप. हाक वारंवार डावलली की गुदाशयाची जाणीवच बोथट होते. तो भरलेला असूनही मनाला त्याची वर्दी मिळत नाही. ज्यांनी चरकसंहितेचे सूत्रस्थान चाळले असेल त्यांना त्यातील सातव्या अध्यायाचे नाव या ठिकाणी आठवल्यावाचून राहणार नाही. ‘नवेगान्धारणीय’ असे ते नाव आहे, आणि शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत हाच त्याचा विषय. हर्ट्झ यांच्या दृष्टीने लेन यांचे आतडे कापणे म्हणजे दाराची कडी अडकली म्हणून घर पाडण्यासारखे होते. रोजच्या रोज रेचके घेण्याच्या सवयीचेही ते कट्टर विरोधक होते, कारण त्या सवयीतूनच पुष्कळांचा मलावरोध जन्माला येतो असे त्यांना दिसले.

१९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषबाधेवर दीर्घ चर्चासत्र झाले. पुष्कळ बोलले, निष्कर्ष निघाला नाही. निष्कर्ष निघाला तो अमेरिकेत, आणि तोही कापसाच्या बोळ्याने. १९१९ साली वॉल्टर आल्व्हारेझ यांनी लिहिले की, मलावरोधाने होणारी डोकेदुखी, सुस्ती, जिभेवरील लेप ही रक्तातील विषाची लक्षणे नसून गुदाशय ताणला गेल्याची, म्हणजे मज्जातंतूंच्या द्वारे होणारी, लक्षणे आहेत. त्यांचा युक्तिवाद सोपा होता : शौचास झाल्याबरोबर काही मिनिटांत मनुष्याला हलके वाटते, रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या त्वरेने उतरले नसते. १९२२ साली डोनाल्डसन यांनी याची परीक्षा पाहिली. काही निरोगी तरुणांनी जवळजवळ चार दिवस शौच रोखून धरले आणि त्यांना सर्व अपेक्षित त्रास झाले; बस्ती देताच ते गेले. मग त्यांच्या गुदाशयात नुसता स्वच्छ कापूस भरला. तेच त्रास पुन्हा झाले. कापसात कोणते विष असणार? स्वविषबाधेचा डोलारा अशा तऱ्हेने विद्वानांच्या दरबारात कोसळला. बाजारात तो अद्याप उभा आहे. आतडी धुऊन शरीर शुद्ध करून देण्याच्या जाहिराती बूशार यांचे नाव न घेता त्यांचेच बोल बोलत असतात.

एवढे सर्व होऊनही एका रोगात मळाचा साठा खरोखरच जीवघेणा होता, आणि तेथे वैद्यकाची नजर उलट बाजूने चुकली. कोपनहेगनच्या बालरुग्णालयातील हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे वैद्यांच्या सभेत दोन तान्ह्या मुलांची हकीकत सांगितली. जन्मापासून शौचास न होणे, पोट ढोलासारखे फुगणे, आणि वर्षाच्या आत मृत्यू. शवविच्छेदनात मोठे आतडे प्रचंड विस्तारलेले आणि जाड झालेले आढळले, गुदाशय मात्र रुंदावलेला नव्हता. साहजिकच रोग त्या विस्तारलेल्या भागात आहे असे सर्वांनी धरले. डोळ्यांत भरत होता तो तोच भाग. पुढील साठ वर्षे वैद्य त्या भागाशी झगडत राहिले. कोणी तो कापून काढला, कोणी त्याला चेतविणारे मज्जातंतू तोडले. मुले काही दिवस बरी दिसत आणि पुन्हा फुगत.

मधल्या काळात काही विकृतिशास्त्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली एक वेगळेच चिन्ह दिसले होते. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे जे पुंजके असतात, जे आतड्याला लहरींचा ताल देतात, ते या मुलांच्या खालच्या भागात नव्हतेच. १९०१ साली टिटेल यांनी आणि १९२० साली डाल्ला व्हाल्ले यांनी हे नोंदविले. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

बोस्टनच्या बालरुग्णालयात ओव्हार स्वेन्सन हे शस्त्रवैद्य होते. १९४० नंतरच्या दशकात अशी काही मुले त्यांच्याकडे आली. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी स्वेन्सन यांनी पोटावर वाट करून मळ बाहेर काढला. मुले झपाट्याने सुधारली, खाऊ लागली, अंगाने भरली. ती बरी झाली असे समजून वाट बंद करून आतडे पूर्ववत जोडले, तर सर्व लक्षणे परत. स्वेन्सन यांनी यातून जो तर्क केला तो साधा होता, परंतु साठ वर्षे कोणाला सुचला नव्हता : फुगलेले आतडे काम करू शकते, अडथळा त्याच्या खाली आहे. त्यांनी रबरी फुगे आत घालून आतड्याचे आकुंचन मोजले. वरच्या रुंद भागात लहरी व्यवस्थित होत्या. खालच्या, दिसावयास सर्वसाधारण अशा अरुंद भागात त्या थांबत. त्यांचे सहकारी क्ष-किरणतज्ज्ञ न्यूहाउझर यांनी बेरियमचे चित्र घेण्याची रीतच बदलली. पूर्वी भरपूर बेरियम घालीत. प्रचंड फुगलेला भाग पांढरा होऊन चित्र व्यापून टाकी आणि त्याच्या आड खालचा अरुंद भाग लपून जाई. न्यूहाउझर यांनी थोडेसेच बेरियम हळूहळू घातले आणि पहिल्या काही क्षणांकडे लक्ष ठेवले. रोगाची जागा प्रथमच स्पष्ट दिसली. १९४८ साली स्वेन्सन आणि बिल यांनी तो अरुंद भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मज्जापेशींचा अभाव हेच या रोगाचे लक्षण असल्याचे सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दृढ झाले. ज्या मुलांना बालपण ओलांडण्याची आशा नव्हती ती मोठी होऊन संसार करू लागली.

मज्जापेशी जन्मतःच नसतात असे नाही. त्या पुढे नष्टही होतात. ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी १९०९ साली, घरांच्या भेगांत राहणाऱ्या रक्तशोषक किड्यांमार्फत पसरणारा एक परोपजीवी जंतू शोधून काढला. त्या देशाच्या अंतर्भागात फुगलेल्या आतड्याचे रोगी गावोगावी आढळत. त्याचा या जंतूशी संबंध कोणी सहजी मानीना, कारण संसर्ग बालपणी होई आणि आतडे फुगे ते पुढे कित्येक वर्षांनी. रिबेराऊ प्रेतू येथील फ्रित्स कोबर्ले यांनी १९५० नंतरच्या काळात मृत रोग्यांच्या आतड्यांतील मज्जापेशी अक्षरशः एक एक करून मोजल्या आणि त्या किती घटल्या आहेत हे दाखवून दिले.

इतर कारणे अशीच पोटाबाहेर, किंवा शरीराबाहेरही, विखुरलेली आहेत. इंग्लंडच्या डेव्हनशायर परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना पोटाच्या वेणा आणि भयंकर मलावरोध होई. जॉर्ज बेकर यांनी १७६७ साली दाखविले की, दोष त्या दारूत नसून ती गाळण्याच्या साधनांतील शिशात आहे. कंपवाताचे पहिले यथार्थ वर्णन करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या आपल्या निबंधात आतड्यांच्या जडतेची नोंद केली होती. या रोगात मलावरोध पुष्कळदा हाताला कंप सुटण्याच्या आधी कित्येक वर्षे येतो, हे अलीकडे निश्चित झाले आहे. गळ्यातील अवटू ग्रंथी मंदावली, रक्तातील चुना वाढला, मधुमेहाने मज्जातंतू झिजले, तरी आतडे सुस्तावते. अफूचा गुण तर सर्वश्रुत आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया १९२० च्या सुमारास तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत. मूल निजे आणि त्याचे आतडेही निजे. आज तीच अफूची भावंडे वेदनाशामक गोळ्यांच्या रूपाने घरात येतात. लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताची काही औषधे, उदासीवरील काही औषधे यांचाही तोच परिणाम होतो. उतारवयात नव्याने सुरू झालेला मलावरोध मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावा लागतो, कारण त्यामागे आतड्यातील कर्करोगाची गाठ असू शकते. आणि सर्वांत फसविणारा प्रकार म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा : गुदाशयात कठीण गोळा अडकतो, त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो, घरची मंडळी जुलाब समजून ते थांबविण्याचे औषध देतात आणि गोळा अधिकच बसतो. येथे एका बोटाने केलेली तपासणी जे सांगते ते चित्र सांगतेच असे नाही.

अन्नाच्या भागाकडे लक्ष वेधले ते डेनिस बर्किट यांनी. युगांडात अनेक वर्षे शस्त्रवैद्य म्हणून राहिलेल्या या गृहस्थांनी वॉकर आणि पेन्टर या सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. लोकांना क्ष-किरणांत दिसणारे बारीक मणी गिळावयास दिले, शौच पिशव्यांत गोळा केले आणि चित्र घेतले ते माणसांचे नव्हे, पिशव्यांचे. युगांडातील खेडुतांत मणी सरासरी ३६ तासांच्या आत बाहेर पडत आणि रोजच्या मळाचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरे; इंग्लंडमधील नौसैनिक आणि त्यांच्या कुटुंबांत ८३ तास लागत आणि वजन जेमतेम १०४ ग्रॅम. दक्षिण भारतातील परिचारिका वेळेच्या बाबतीत खेडुतांच्या जवळ, ४४ तासांवर, होत्या. चोथा अधिक तर मळ अधिक, आणि तरी त्याचा प्रवास जलद! नुसते परिमाण पाहून मलावरोध ठरविणाऱ्यांनी या आकड्यांपुढे क्षणभर थांबावयास हवे.

मण्यांची ही युक्ती मूळची लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील. १९६९ साली हिंटन, लेनार्ड-जोन्स आणि यंग यांनी ती योजिली : वीस मणी गिळावयाचे आणि पाचव्या दिवशी चित्र घ्यावयाचे. निरोगी माणसाचे शेकडा ऐंशी मणी तोपर्यंत बाहेर पडलेले असतात. ते सर्व पोटभर विखुरलेले राहिले तर आतडे मंद. ते सारे खाली गुदाशयाशी जमले तर अडचण दरवाजाशी. हर्ट्झ यांनी साठ वर्षांपूर्वी केलेली विभागणी अशा रीतीने एका साध्या चित्रात उमटू लागली, कारण चित्राला आता काळाचे माप मिळाले होते. याच मंडळींपैकी काहींनी १९६५ साली ब्रिटनमधील सुमारे दीड हजार लोकांच्या सवयी विचारल्या होत्या. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, या मर्यादेत शेकडा नव्व्याण्णव लोक बसले. दररोज एकदा झालेच पाहिजे हा नियम निसर्गाचा नसून घड्याळाचा आहे.

तथापि साध्या चित्राचा मोह सुटला नाही. लहान मुलांच्या चित्रातील मळाला गुण देऊन मलावरोध ठरविण्याची एक पद्धत बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली काढली. पुढे तशा आणखी निघाल्या. एकच चित्र दोन तज्ज्ञांनी पाहिले तर गुण वेगळे, आणि एकाच तज्ज्ञाने महिन्याने पाहिले तरी वेगळे, असा अनुभव वारंवार येऊ लागला. २०१४ साली युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांच्या संस्थांनी संयुक्तपणे जाहीर केले की, मुलांच्या नेहमीच्या मलावरोधाचे निदान करण्यासाठी पोटाच्या साध्या क्ष-किरणचित्राचा उपयोग करण्यास पुरेसा आधार नाही; इतिहास विचारावा आणि पोट हाताने तपासावे. त्याच वर्षी टोरांटोच्या बालरुग्णालयातील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तातडीच्या विभागात पोटदुखीसाठी आलेली आणि मलावरोध म्हणून घरी पाठविलेली हजारो मुले तिने तपासली. त्यांतील फारच थोड्यांच्या बाबतीत निदान गंभीरपणे चुकले होते. कोणाला आंत्रपुच्छाचा दाह होता, कोणाच्या आतड्यात आतडे शिरले होते. परंतु या चुकलेल्या मुलांत क्ष-किरणचित्र काढलेल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक निघाले. चित्रात मळ दिसला होता, आणि तो दिसल्यावर पुढे कोणी विचारले नव्हते.